मामांचं टेस्टिंग

बटणावर आमच्या मामांइतका विश्वास असलेला माणूस सबंध जुन्नर तालुक्यात सापडणार नाही. आंबेगाव तालुका मी यात धरत नाही, कारण तिकडे मामांची सासुरवाडी, म्हणजे माझं माहेर आहे, आणि सासुरवाडीच्या माणसांशी केलेली कसलीही तुलना त्यांना खपत नाही. हे मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणायची रीत आहे. देवावरही मामांची श्रद्धा आहे, पण ती सणावाराला लागते तेवढीच. बटण मात्र रोजचं. ज्या वस्तूला बटण आहे ती आज ना उद्या, नीट समजूत घातली की ऐकते. जिला बटण नाही तिच्या नादी शहाण्यानं लागू नये, हे त्यांचं साऱ्या आयुष्याचं सार. माणसांना बटण नसतं ही त्यांची माणसांविषयीची मुख्य तक्रार आहे, आणि ती ते माणसांच्या तोंडावर करतात.

त्यांचं घर राजुरीला, गावाबाहेर मळ्यात. ऊस, कांदा, गोठ्यात गाई, दोन विहिरी आणि त्या विहिरींवरच्या मोटारी. या मोटारींशी मामांचं जे नातं आहे ते पोटच्या मुलाशीही नाही. मोबाईलवरून मोटार चालू करायचं यंत्र निघालं तेव्हा पंचक्रोशीत ते पहिल्यांदा त्यांनी बसवलं. तेव्हापासून ते मोटारीला फोन लावतात. फोन लागला की पलीकडून एका बाईचा आवाज येतो, मोटर चालू झाली आहे. मामा त्यावर अदबीनं "बरं" म्हणतात आणि मगच फोन ठेवतात. पुण्याहून मुलाचा फोन आला तर "ठेव आता, मोटारीचा यायचाय" असं म्हणून त्याला कटवतात. लग्नकार्यात नवरानवरी पाहण्याआधी ते जनरेटर पाहून येतात. माझ्या लग्नात ते मंगलाष्टकांना सापडेनात तेव्हा आत्यानं कोणालाही न विचारता मांडवाच्या मागची वाट धरली होती. अल्बममध्ये त्यांचा एकच फोटो आहे. त्यात त्यांचा चेहरा जरा हलला आहे, मागचा जनरेटर मात्र स्वच्छ आला आहे. एकदा पावसात स्टार्टरमध्ये पाणी गेलं, तर त्यांनी सुट्टीला आलेल्या सुनेचं केस वाळवायचं मशीन नेऊन स्टार्टर कोरडा केला. सुनेनं मशीन परत मागितलं तेव्हा म्हणाले, "लई चांगली वस्तू हाय. तुमी केसावर कशाला वाया घालवता?"

शर्टाच्या खिशात पेन नसेल एक वेळ, पण टेस्टर असतोच. त्याचा लाल दांडा खिशातून कायम डोकावत असतो. आजारी माणसाला भेटायला गेले तरी ते आधी पलंगाजवळचा प्लग बघतात.

या माणसानं वयाच्या सत्तरीपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नव्हतं. कुणी मनाई केली नव्हती. तिथं बटण नव्हतं, एवढंच. उंबऱ्याशी उभं राहून ते खोकायचे. त्या खोकण्याचे प्रकार होते आणि आत्याला ते सगळे पाठ होते: एक कोरडा म्हणजे चहा, एक लांबट म्हणजे पाहुणे आलेत, दोन तुटक म्हणजे भूक लागली पण मी ते सांगणार नाही. आत्या एकदा माहेरी लग्नाला येऊन दोन दिवस राहिली. भाजी झाकून ठेवली होती, भाकरी दुरडीत होत्या, सगळं उंबऱ्यापासून चार पावलांवर. मामांनी ते दोन दिवस केळी आणि बिस्किटं खाऊन काढले. गोठ्यातलं दूध निरसंच प्यायले. परत आल्यावर आत्यानं विचारलं, "अवो, सगळं करून ठिवलं व्हतं की मी." तर म्हणाले, "आत व्हतं ना ते."

हे असं चाळीसेक वर्षं चाललं होतं आणि पुढंही चाललं असतं. पण एका सकाळी गोठ्यातून दुधाची किटली घेऊन येताना आत्याच्या उजव्या हातातून किटली निसटली. वाकून उचलायला गेली तर हात येईना. मामा मोटारीच्या खोलीतून धावत आले. नारायणगावला दवाखान्यात नेलं. वेळेवर नेल्यामुळं जीव वाचला, बोलणं वाचलं, पाय थोडा ओढू लागला, पण उजवा हात खांद्यापासून लोंबता राहिला. डॉक्टर म्हणाले, सुधारणा होईल, सावकाश होईल, व्यायाम करा, खाणंपिणं सांभाळा. मुलानं पुण्याला चल म्हणून हट्ट धरला. आत्या म्हणाली, "मी हितंच बरी. तिकडं खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसती." मग तिची धाकटी जाऊ, जी शेजारच्याच घरात राहते, ती दोन्ही वेळचा स्वयंपाक करून देऊ लागली, आणि आत्याची खाट माजघरात दाराजवळ टाकली.

मी ओतूरला कॉलेजात शिकवते. दर रविवारी राजुरीला जाऊ लागले. पहिल्या दोन रविवारीच लक्षात आलं की आत्या खात नाही. जाऊबाई पेज करत, खिमट करत, मऊ भात कालवून चमच्यानं भरवायला बसत. आत्या दोन घास घ्यायची आणि तोंड भिंतीकडे करायची. भाकरीचं तर बोलायलाच नको. भाकरी मोडायला दोन हात लागतात, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. दुसऱ्यानं मोडून दिलेली भाकरी ती ताटातच ठेवायची. एकदा तिनं डाव्या हातात चमचा धरून पेज खायचा प्रयत्न केला होता. नेमक्या शेजारच्या दोघी भेटायला आलेल्या. पेज पदरावर सांडली, त्यातल्या एकीनं "राहू द्या राहू द्या" म्हणत पुसली. त्यानंतर आत्यानं चमचा हातात धरला नाही. गालांची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, हे असंच राहिलं तर व्यायामाला ताकद कुठून येणार, सलाईन लावायला परत आणावं लागेल.

मी तिला समजवायला बसले, तर तिनं मला शांतपणे सांगितलं, "तोंडाचा आ करून बसायचं, आन् कुणीतरी आत घालायचं. चिमनीच्या पिल्लावानी. मी सगळ्यांना वाढलं गं पोरी. मला न्हाई जमत हे."

मामा या काळात पडवीत बसून होते. चालू असलेली, काहीही बिघाड नसलेली मोटार त्यांनी विहिरीतून वर काढून पूर्ण उलगडली आणि परत जोडली. जोडून झाल्यावर पुन्हा उलगडली. जाऊबाई आत्याचं ताट घेऊन बाहेर यायच्या तेव्हा मान वर करून ताटात किती उरलंय ते बघायचे आणि परत खाली मान घालायचे.

आमच्या कॉलेजात एक मॅडम आहेत, त्या डब्यात ओट्सच्या वड्या आणतात. वड्या म्हणजे पिकलं केळं, दूध, ओट्स एकत्र कालवून एअर फ्रायरमध्ये भाजायचं आणि चौकोनी तुकडे पाडायचे. बाहेरून खरपूस, आतून मऊ. सकाळी उठून पंधरा-वीस मिनिटांत होतं म्हणतात. दवाखान्यातून ओट्स द्या असं सांगितलंच होतं, पण जाऊबाईंनी दुधात शिजवून दिलेले ओट्स बघून आत्या म्हणाली होती, "पोष्टर चिकटवायची खळ हाय ही." एअर फ्रायर घरात होता. मुलानं आणि सुनेनं दोन वर्षांपूर्वी दिवाळीला दिलेला. "तळायचं तर तेलात तळावं, वाऱ्यावर काय तळायचं," असं म्हणून आत्यानं तो खोक्यासकट पलंगाखाली सरकवला होता. एका रविवारी मी मोबाईलवर मामांना तो पदार्थ करतानाचा व्हिडिओ दाखवला. जाऊबाईंना दाखवायला काढला होता, पण त्या गोठ्यात होत्या आणि मामा जवळ होते.

मामांनी चष्मा लावून तो अखेरपर्यंत पाहिला. मग विचारलं, "गॅस लागतो का ह्याला?"

"नाही मामा."

"चूल?"

"नाही. लाईटवर चालतो."

"बटन हाय का?"

"दोन आहेत. एक उष्णतेचं, एक वेळेचं."

"मंग ह्याचा सैपाकाशी काय संबंध?" मामा म्हणाले, आणि उठून पलंगाखालचं खोकं ओढायला गेले.

एअर फ्रायर पडवीत आला. स्वयंपाकघरात ठेवायचा प्रश्नच नव्हता. मोटारीच्या स्टार्टरशेजारी भिंतीला त्यांनी फळी ठोकली, जाड वायर ओढली, एक दणकट स्टॅबिलायझर जोडला, आणि दोन्ही बटणं पाच-सहा वेळा पुढंमागं फिरवून पाहिली. मग म्हणाले, "आवाज सुरेख हाय. बेरिंग चांगलं हाय." दुसऱ्या दिवसापासून टेस्टिंग सुरू झालं. टेस्टिंग हा त्यांचाच शब्द. आपण स्वयंपाक करतो आहोत हे त्यांनी आजतागायत कबूल केलेलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी कोरडे ओट्स तसेच आत टाकून मशीन लावलं. आतल्या पंख्यानं ओट्स असे उडवले की पडवीत मळणी झाल्यासारखं झालं, आणि कोंबड्यांना फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी दूध घातलं, ते सगळं खाली गळलं. तिसऱ्या दिवशी खाली कागद घातला, तो उडून वरच्या कॉइलला चिकटला आणि धूर निघाला. मामांनी मेन स्विच पाडला, सगळं थंड होऊ दिलं आणि मला फोन करून सांगितलं, "लोड येडावाकडा बसतोय. डबा पायजे." मग आपल्या जेवणाच्या स्टीलच्या डब्याला तुपाचा हात लावून त्यात कालवलेलं मिश्रण भरलं. ते बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं निघालं. "व्होल्टेज जास्त व्हतं," मामा म्हणाले. उष्णता कमी केली, वेळ वाढवला. शिजलं की नाही हे बघायला ते खिशातला टेस्टर खुपसायचे. मी एका रविवारी ते पाहून ओरडले, तेव्हा त्यांनी आळेफाट्याहून नवीन टेस्टर आणला, त्याच्या दांड्याला पांढरी पट्टी गुंडाळली आणि तो फक्त ओट्ससाठी राखून ठेवला. तोपर्यंतचं सगळं कोंबड्यांनी आणि मामांनी मिळून संपवलं. ते आत्यापर्यंत त्यांनी जाऊ दिलं नाही.

ओट्स संपले तेव्हा ते कांद्याच्या बाजाराला ओतूरला आले. तिथं आमच्या घराजवळ एक मारवाडी शेठ आहेत, त्यांचं किराणा दुकान तीन पिढ्यांचं आहे आणि मामांशी मैत्रीही बरीच जुनी. मी दुकानातच होते. मामांनी दोन मोठे पुडे मागितल्यावर शेठ म्हणाले, "भाऊ, तुमी कधीपास्नं ओट्स खायला लागले?"

"मला नाय. मशीनला."

"मशीन ओट्स खातं?"

"टेस्टिंग चालूय," मामा म्हणाले. शेठ माझ्याकडे बघू लागले. मी डाळींचे भाव वाचत उभी राहिले. मामा दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि परत वर आले. हळू आवाजात शेठना म्हणाले, "वेलदोडे द्या थोडे. आमच्या घरात वास आवडतो." शेठनी वेलदोडे बांधून दिले आणि काही विचारलं नाही. आत्याची तब्येत त्यांना ठाऊक होती.

त्यानंतरच्या रविवारी मी सकाळीच पोहोचले. पडवीत भाजलेल्या केळ्याचा आणि गुळाचा वास होता. मामांनी डबा बाहेर काढला, पांढऱ्या पट्टीचा टेस्टर खुपसला, तो कोरडा निघाला. मग डबा ताटात उलटा केला. गोल, तपकिरी, वर शेंगदाण्याचं कूट. ते निवेपर्यंत मामा त्याच्याकडे बघत बसले. निवल्यावर सुरीनं त्याचे तुकडे पाडले, आणि ते तुकडे त्यांनी आधी आपल्या डाव्या हातात धरून पाहिले. एक जरा मोठा होता, त्याचे दोन केले. पुन्हा धरून पाहिला. बोटांत बसतो, मोडत नाही, ओघळत नाही, हे सगळं तपासून झालं. मी बघते आहे हे त्यांना कळत होतं, पण मोटार तपासतानाही कुणी बघत असलं तर त्यांची हरकत नसते.

ताट घेऊन ते माजघरात गेले. आत्याच्या डाव्या हाताला, खाटेवर, ताट ठेवलं. चमचा ठेवला नाही. माघारी फिरले, दारातून बाहेर आले, पडवीतल्या स्टार्टरचं झाकण उघडलं आणि आत्याकडे पाठ करून वायरी चाचपू लागले. जाऊबाई आत जायला निघाल्या, तर त्यांना म्हणाले, "गाई हंबारत्यात, जरा बघा." गाई काही हंबरत नव्हत्या. मला म्हणाले, "ह्यो स्क्रू धर." मी तो स्क्रू बराच वेळ धरून उभी होते.

आतून ताटाचा आवाज आला. मग काही नाही. मग पुन्हा एकदा. मामा एकच वायर काढत आणि लावत होते. शेवटी आत्याचा आवाज आला, "ऐकलं का. पाणी द्या कोणीतरी." मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तर ताटात चार-पाच कण उरले होते आणि आत्या पदरानं स्वतःच तोंड पुसत होती. मी रिकामं ताट बाहेर आणलं. मामांनी ते पाहिलं, स्टार्टरचं झाकण लावलं आणि एवढंच म्हणाले, "चाललं मशीन." मग ते विहिरीकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

त्या दिवसापासून राजुरीच्या त्या पडवीत रोज सकाळी ओट्स भाजले जाऊ लागले. गावात काहीजणांना वाटलं मामांनी रिपेअरिंगचं दुकान काढलंय. एकजण आपला मिक्सर घेऊन आला आणि तो मामांनी दुरुस्तही करून दिला. आत्या खाऊ लागली, आणि खाऊ लागल्यावर बोलू लागली. "वेलदोडा सोलून कुटायचा असतो, अख्खा नसतो टाकायचा," खाटेवरून ती सांगायची. "मीठ घाला चिमूटभर. गोडात बी लागतं." मामा पडवीतून म्हणायचे, "टेस्टिंगमध्ये हस्तक्षेप नको." पण दुसऱ्या दिवशी वेलदोडा कुटलेला असायचा. कधी त्यांनी भोपळा किसून घातला, कधी खजूर. एकदा कांदा, टोमॅटो आणि मिरची घालून तिखट केलं, ते मात्र फार बरं झालं. ते खाऊन आत्या म्हणाली, "हे आईला खायला घालायला पायजे व्हतं. ती म्हणायची, जावाई लई निरुपयोगी हाय." मामांना याचा राग यायला हवा होता. पण ते त्या दिवशी सगळ्या शेजारात तिखट वड्या वाटून आले.

एका सकाळी गुळाचा डबा स्वयंपाकघरात राहिला आणि जाऊबाई गावाला गेलेल्या. मामा उंबऱ्याशी उभे राहून सवयीनं खोकले. आत्या खाटेवरून म्हणाली, "मी हितं हाय. आत कोण नाय." मामा तसेच उभे राहिले. मग आत गेले. हे मला आत्यानंच सांगितलं. बराच वेळ आतून आवाज येईना म्हणून तिनं हाक मारली, तर म्हणाले, "एवढीशीच जागा हाय ही?" आत्या म्हणाली, "मंग केवढी असती?" मामा गुळाचा डबा घेऊन बाहेर आले ते कपाळावरचा घाम पुसत. "हवाच नाय तिथं," म्हणाले. "धूर जातो कुठून?" आत्या म्हणाली, "न्हाई जात. सवय व्हती." त्याच दिवशी मामा भिंतीला भोक पाडायला छिन्नी घेऊन बसले आणि आठवड्याच्या आत तिथं धूर ओढणारा पंखा बसला. आत शिरल्यावर हाताला लागेल अशा उंचीवर त्याचं बटण बसवलं, डाव्या बाजूला.

खोडदचं प्रकरण यानंतरचं. राजुरीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दोन दिवस लाईट येणार नाही असं कळलं. खोडदला मामांची धाकटी बहीण दिली आहे, तिथली लाईट चालू होती. मामांनी एअर फ्रायर पोत्यात गुंडाळला, मोटारसायकलच्या मागे दोरीनं बांधला, कालवून भरलेला डबा पुढं पिशवीत अडकवला आणि भल्या सकाळी खोडद गाठलं. तिचे यजमान, दाजी, मोठे मिश्किल. त्यांच्या घरामागे शेतात रेडिओ दुर्बिणीच्या त्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या भल्यामोठ्या अँटेना दिसतात. दाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मामा, हळू लावा बरं का. त्या तिथं आभाळातलं बारीक बारीक ऐकत्यात. तुमचं ओट्स ऐकू गेलं तर साहेब लोक यायचे विचारायला." मामांना हे पटलं. त्यांनी मशीनवर गोधडी टाकायची तयारी केली होती, पण बहीण म्हणाली, "दादा, पेटेल ना ते." मग त्या दुर्बिणीवर काम करणारा ओळखीचा एक माणूस रस्त्यानं चालला होता, त्याला थांबवून मामांनी रीतसर विचारलं. त्या माणसानं मशीन पाहिलं, डबा पाहिला, मामांचा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "एवढं चालेल राव, लावा." मामांनी ओट्स भाजले, डबा टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला आणि दाजींना मोटारसायकल चालवायला लावून राजुरीला परत आले. आत्याच्या हातात तुकडा आला तेव्हा तो कोमट होता. दुसऱ्या दिवशीही ते असेच गेले. केळी आणि दूध घेऊन आत्या ते दोन दिवस काढू शकली असती, हे त्यांना सांगायची कोणाची छाती झाली नाही.

हळूहळू आत्याचा हात सुधारला. बोटं मिटू लागली, मग उघडू लागली. कपाचा कान धरता येऊ लागला. मग एका सकाळी ती भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेली, डाव्या हातानं पंख्याचं बटण दाबलं आणि काठवट पुढ्यात ओढली. जाऊबाईंनी मला फोनवर सगळं सांगितलं. भाकरी जाड झाली होती, कडा फाटल्या होत्या, एका बाजूनं करपली होती. मामांनी ती पूर्ण खाल्ली. "कशी झालीया?" आत्यानं विचारलं. "चांगली हाय," मामा म्हणाले. तोपर्यंत तिच्या जेवणाला ते कधी चांगलं म्हणाले नव्हते, त्यामुळे आत्याला भाकरी फारच बिघडली असावी अशी शंका आली आणि तिनं दुसऱ्या दिवशी जास्त मेहनत घेतली. महिनाभरात भाकरी पातळ झाली. सगळ्यांना आनंद झाला. मुलगा आणि सून पुण्याहून पेढे घेऊन आले.

मामांनाही आनंद झाला होता. तो त्यांना कसा दाखवायचा ते कळत नसावं, एवढंच. सकाळी उठून ते सवयीनं पडवीत यायचे, आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येत असायचा. मग ते मशीनवरचा कपडा काढायचे, मशीन पुसायचे, कपडा परत घालायचे. मोटारीला फोन लावायचे आणि ती चालू झाल्यावर थोड्या वेळानं बंदही करायचे. टेस्टर आता दोन होते खिशात, पण काढायचा कोणता, असा प्रश्न पडल्यासारखे बसायचे. मी एकदा सहज म्हटलं, "मामा, आज ओट्स करू या का?" तर म्हणाले, "आता कोणाला लागतंय."

गेल्या थंडीत मी एका रविवारी जरा लवकरच पोहोचले. मामा पडवीत उन्हात बसले होते. मी आत गेले तर स्वयंपाकघरात आत्या गॅसपाशी उभी होती आणि दुधानं भरलेलं मोठं पातेलं तिनं दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. उजवा हात जराही थरथरला नाही. काठवटीत बाजरीचं पीठ मळून तयार होतं, तवा तापत होता. मला बघून ती हसली, आणि मग तिची नजर माझ्या मागे, पडवीकडे गेली. मामा पाठमोरे बसले होते. तिनं क्षणभर विचार केला, गॅस बंद केला, सावकाश माजघरात आली आणि खाटेवर बसली. उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, जसा ती आजारपणात ठेवायची.

"अवो, ऐकलं का," तिनं पडवीकडे तोंड करून हाक मारली. "आज हात लई जड पडलाय. भाकरी न्हाई व्हायची माझ्याच्यानं."

मामा लगेच उठले. "मी म्हनतच व्हतो. थंडी पडलीया, दमानं घ्यायला पायजे," ते म्हणाले. फळीवरचा कपडा निघाल्याचा आवाज आला, मग स्टॅबिलायझरची टिकटिक. "केळी हायेत का?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"शिंकाळ्यात हायेत," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाली, "पोरी, ते आत आले की दिसंल. तेवढं मळलेलं पीठ झाकून ठिव."

मी आत गेले आणि काठवटीवर ताट झाकलं. बाजरीचं मळलेलं पीठ काही टिकत नाही. ते दुपारी गाईपुढं गेलं असणार. मामा केळी घ्यायला आत आले तेव्हा त्यांनी त्या झाकलेल्या काठवटीकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. तवा अजून गरम होता आणि ते त्याच्या अगदी जवळून गेले. केळी घेऊन जाताना दारात थांबून त्यांनी आत्याला विचारलं, "गोड करू, का तिखट?" आत्या म्हणाली, "तुमाला जमंल ते करा." त्या दिवशी मामांनी दोन्ही केलं.